मुलाची प्लीहा काढायची असेल तर: शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी आणि नंतरचा ताप

प्लीहा काढलेल्या मुलाला ताप आला, तर तो ताप उद्या सकाळी दवाखाना उघडेपर्यंत थांबू शकत नाही. या लेखातील बाकी काहीच लक्षात राहिले नाही, तरी एवढे एक वाक्य घरातील प्रत्येक मोठ्या माणसाच्या लक्षात राहावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. शस्त्रक्रिया एका दिवसात होते आणि आठवड्याभरात मूल घरी खेळू लागते. प्लीहेशिवाय जगणे मात्र जन्मभराचे असते. शस्त्रक्रियेविषयी पालक खूप प्रश्न विचारतात, पण त्यानंतरच्या काळाविषयी फारसे विचारत नाहीत, आणि अनेकदा कोणी आपणहून सांगतही नाही. म्हणून निर्णयापासून मूल मोठे होईपर्यंतच्या पायऱ्या येथे क्रमाने मांडल्या आहेत. औषधांचे आणि लशींचे नेमके डोस मुलाच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहेत. त्यांना कोणते प्रश्न विचारायचे, हे या लेखातून कळावे.

प्लीहा नेमके काय करते

प्लीहेला आपल्याकडे जुने लोक पानथरी म्हणतात. ‘पोराची पानथरी वाढली आहे’ हे वाक्य हिवतापाच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या बोलले जाते. पोटाच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड, जठराच्या मागे हा अवयव असतो आणि एरवी तो हाताला लागत नाही. त्याची दोन कामे पालकांनी समजून घ्यावीत. पहिले काम गाळणीचे. म्हाताऱ्या झालेल्या किंवा आकार बिघडलेल्या तांबड्या पेशी प्लीहेच्या अरुंद फटींमधून निसटू शकत नाहीत, तेथेच अडकतात आणि मोडल्या जातात. ज्या मुलाच्या पेशी जन्मतःच सदोष असतात, त्याच्या बाबतीत हीच गाळणी डोईजड होते, कारण ती पेशी इतक्या झपाट्याने मोडते की मूल सतत पांढरेफटक दिसते.

दुसरे काम प्रतिकारशक्तीचे. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी, म्हणजे हिब, या जंतूंभोवती साखरेच्या साखळ्यांचे बुळबुळीत कवच असते. या कवचामुळे पांढऱ्या पेशींना त्यांना धरता येत नाही. जंतूवर प्रतिपिंडे (अँटीबॉडी) चिकटली की मगच त्याला पकड मिळते. कवच ओळखून अशी प्रतिपिंडे घाईघाईने बनवणाऱ्या खास पेशी प्रामुख्याने प्लीहेत असतात, आणि रक्त तेथून सावकाश झिरपत असल्यामुळे जंतू गाळला जाण्यास वेळही मिळतो. प्लीहा नसेल तर यकृत ही जबाबदारी काही प्रमाणात उचलते. पण ज्या जंतूवर प्रतिपिंडांचा लेप नीट बसलेला नाही, तो त्याच्या हातून सुटतो. म्हणजे प्लीहा गेल्याने सगळी प्रतिकारशक्ती जाते असे नाही. साधी सर्दी-पडसे या मुलांना इतरांइतकेच होते. नाहीशी होते ती रक्तात शिरलेल्या कवचधारी जंतूला पहिल्या काही तासांत अडवण्याची क्षमता.

दोन वर्षांखालील बाळांमध्ये प्लीहेचा हा भाग अजून पक्व झालेला नसतो. म्हणूनच नुसत्या कवचापासून बनवलेल्या लशी त्या वयात लागू पडत नाहीत, आणि कवचाला प्रथिनाची जोड दिलेल्या संयुग्म लशी द्याव्या लागतात. पुढे लशींचा क्रम समजून घेताना हा फरक उपयोगी पडेल.

हा धोका वैद्यकशास्त्राला फार उशिरा कळला. १९५२ साली अमेरिकेतील किंग आणि शूमाकर या शल्यचिकित्सकांनी प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या बाळांना नंतर झालेल्या गंभीर जंतुसंसर्गाची नोंद प्रसिद्ध केली, आणि तोपर्यंत निरुपयोगी समजल्या गेलेल्या या अवयवाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९९१ साली आधीच्या अनेक नोंदी एकत्र करून केलेल्या एका आढाव्यात, प्लीहा काढलेल्या सोळा वर्षांखालील मुलांपैकी ४.४ टक्के मुलांना असा गंभीर संसर्ग झाल्याचे आणि २.२ टक्के मुले दगावल्याचे दिसले. प्रौढांमध्ये संसर्गाचे प्रमाण ०.९ टक्के होते. हे आकडे बहुतांशी लशींच्या पूर्वीच्या काळातील आहेत आणि आजची परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरीही हा संसर्ग एकदा सुरू झाला की सकाळी शाळेत गेलेले मूल रात्री अत्यवस्थ होऊ शकते. धोका पाच वर्षांखालील मुलांना आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असतो; तो पूर्णपणे शून्य मात्र कधीच होत नाही.

पहिली पायरी: काढायलाच हवी का, हे विचारणे

हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. उत्तर आजारानुसार खूप बदलते.

तांबड्या पेशी गोल होण्याचा आनुवंशिक आजार, म्हणजे हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस, असलेल्या मुलाला या शस्त्रक्रियेचा फायदा सर्वात स्पष्ट दिसतो. पेशी गोलच राहतात, पण त्यांना मोडणारी गाळणी उरत नाही, त्यामुळे हिमोग्लोबिन वाढते आणि कावीळ ओसरते. आजार सौम्य असेल तर शस्त्रक्रियेची गरजच नसते. तीव्र असेल, तरी शक्यतो सहा वर्षांपर्यंत थांबावे आणि तीन वर्षांच्या आत प्लीहा काढणे शक्य तेवढे टाळावे, असा सर्वसाधारण संकेत आहे.

थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसे हिमोग्लोबिनच न बनण्याचा आनुवंशिक आजार, यामध्ये वेळच्या वेळी पुरेसे रक्त चढवले गेले तर प्लीहा फारशी वाढत नाही. रक्ताची गरज वर्षाला दर किलो वजनामागे सुमारे २०० ते २२० मिलीलीटर तांबड्या पेशींच्या पुढे जाऊ लागली आणि शरीरातील लोह औषधांनी आवरेनासे झाले, की शस्त्रक्रियेचा विचार होतो. म्हणून रक्त चढवल्याची तारीख, पिशवीतील मिलीलीटर आणि त्या दिवशीचे वजन एका वहीत लिहून ठेवावे. ‘हल्ली जास्त रक्त लागते’ या वाक्यावरून निर्णय होत नाही, त्या वहीवरून होतो. थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये प्लीहा काढल्यानंतर संसर्गाचा आणि रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका इतर आजारांपेक्षा अधिक असतो, हेही लक्षात घ्यावे.

सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार विदर्भातील आणि नंदुरबारकडील अनेक कुटुंबांचा घरचा प्रश्न आहे. या आजारात विळ्याच्या आकाराच्या पेशी प्लीहेतील बारीक वाहिन्या तुंबवतात आणि कालांतराने प्लीहा आपोआप निकामी होते. याचा अर्थ असा, की सिकलसेलच्या मुलाची प्लीहा पोटात असली तरी ती काम करत नसण्याची शक्यता असते, आणि या लेखातील लसीकरण, पेनिसिलिन व तापाचे नियम शस्त्रक्रिया न झालेल्या त्या मुलालाही लागू होतात. कधी कधी रक्त अचानक प्लीहेत साठते, पोट डावीकडे टणक फुगते आणि मूल काही तासांत फिकट पडून गळून जाते. हे पुन्हा पुन्हा घडू लागले, तर प्लीहा काढण्याचा सल्ला दिला जातो. बाळ शांत निजलेले असताना डाव्या बरगडीखाली बोटे अलगद ठेवून प्लीहेची कड कुठवर लागते, हे आईला दवाखान्यातच शिकवता येते. मी ते शिकवताना कडेच्या जागी पेनने खूण करतो आणि मग तिला स्वतःच्या बोटांनी ती कड शोधायला लावतो. एकदा कड हाताला लागली की विसरत नाही.

प्लेटलेट कमी होण्याच्या आयटीपी या आजारात घाई करण्याचे कारण सहसा नसते. बहुसंख्य मुलांमध्ये तो वर्षभराच्या आत आपोआप बरा होतो, आणि जो रेंगाळतो त्यासाठी आता एल्ट्रोम्बोपॅगसारखी औषधे उपलब्ध आहेत. निदानानंतर किमान एक वर्ष उलटेपर्यंत, जीवघेणा रक्तस्राव नसेल तर, प्लीहेला हात लावू नये.

आपल्या देशात बऱ्यापैकी आढळणारी आणखी एक स्थिती म्हणजे यकृताकडे रक्त नेणारी मुख्य नीला लहानपणीच बंद होणे. या मुलांना रक्ताची उलटी होते, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट कमी दिसतात. दोष प्लीहेत नसून तुंबलेल्या रक्तप्रवाहात असतो. नुसती प्लीहा काढली, तर पुढे रक्ताला वळणवाट करून देण्याच्या शस्त्रक्रियेसाठी लागणारी नीला हातची जाऊ शकते. अशा मुलाला बालशल्यचिकित्सक आणि मुलांच्या यकृतविकारांचे तज्ज्ञ या दोघांनी एकत्र पाहिल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नये.

अपघातात प्लीहा फाटली, तर पूर्वी ती सरसकट काढून टाकत. टोरांटोच्या बालरुग्णालयात काम केलेले आणि पुढे दिल्लीच्या एम्समध्ये बालशल्यचिकित्सेला आकार देणारे डॉ. उपाध्याय यांनी आपले सहकारी सिम्पसन यांच्यासह १९६८ साली अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मुलांची फाटलेली प्लीहा पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय भरून येते, या विचाराला त्यातून बळ मिळाले. आज रक्तदाब आणि नाडी स्थिर असलेल्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांची प्लीहा नुसत्या देखरेखीने वाचते. सायकलवरून पडून हँडल पोटात घुसलेल्या मुलाला शस्त्रक्रिया सांगितली गेली आणि मूल स्थिर असेल, तर बालशल्यचिकित्सक उपलब्ध असलेल्या मोठ्या केंद्रात हलवता येईल का, हे जरूर विचारावे. आतून रक्त वाहतच राहिले, तर मात्र प्लीहा वाचवण्याच्या नादात वेळ घालवू नये. तेथे आधी जीव वाचवायचा असतो.

काही आजारांत, विशेषतः गोल पेशींच्या आजारात, प्लीहेचा ८० ते ९० टक्के भाग काढून थोडा मागे ठेवता येतो. या उरलेल्या तुकड्यामुळे काही प्रतिकारशक्ती टिकते. तो पुढे वाढून दुसरी शस्त्रक्रिया लागण्याची शक्यताही असते. मूल लहान असेल आणि थांबणे शक्य नसेल, तर या पर्यायाबद्दल आवर्जून विचारा.

दुसरी पायरी: शस्त्रक्रियेच्या तारखेपासून मागे मोजत लशी

लशी प्लीहा जागेवर असतानाच अधिक चांगल्या लागू पडतात. म्हणून शेवटची लस शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण झाली पाहिजे. प्रत्यक्षात गोंधळ होतो तो असा, की तारीख ठरते, भूलतज्ज्ञ पाहून जातात आणि आदल्या दिवशी कोणाला तरी लशींची आठवण होते. त्यामुळे शस्त्रक्रियेचा विषय पहिल्यांदा निघेल त्याच दिवशी मुलाचे लसीकरण कार्ड बाहेर काढावे.

त्या कार्डावर पेंटाव्हॅलेंट या पाच रोगांवरील एकत्रित लशीचे तीन डोस असतील, तर हिबची प्राथमिक लस झालेली आहे. सरकारी वेळापत्रकात हिबचा बूस्टर नसल्यामुळे, तो खासगीत घेतला नसेल तर एक डोस द्यावा लागतो. न्यूमोकोकल संयुग्म लस सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून काही राज्यांत सुरू झाली आणि देशभर पोहोचली ती २०२१ मध्ये. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात दिली जाते. म्हणजे त्याआधी जन्मलेल्या मुलाला, खासगीत घेतली नसेल तर, ही लस मिळालेलीच नसते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल ही लस न्यूमोकोकसच्या १० प्रकारांपासून संरक्षण देते. ती पूर्ण झालेल्या मुलालाही १३ किंवा अधिक प्रकारांच्या लशीचा डोस आवश्यक आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

समजा, सहा वर्षे पूर्ण झालेल्या एका मुलीला बाळपणीच्या सरकारी लशी मिळाल्या आहेत, पण न्यूमोकोकल लस मिळालेली नाही. तिचे नियोजन साधारण असे होईल. पहिल्या दिवशी एका दंडात न्यूमोकोकल संयुग्म लस आणि दुसऱ्या दंडात हिब. चार आठवड्यांनी मेनिंगोकोकसच्या ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार प्रकारांवरील लशीचा पहिला डोस. हे अंतर ठेवण्याचे कारण असे, की मेनिंगोकोकसच्या अशा लशींपैकी एक न्यूमोकोकल लशीसोबत दिल्यास न्यूमोकोकल लशीचा परिणाम कमी होऊ शकतो. आठव्या आठवड्यात २३ प्रकारांची न्यूमोकोकल लस. ही नुसत्या कवचापासून बनवलेली असल्यामुळे दोन वर्षांखाली देत नाहीत, आणि संयुग्म लशीनंतर आठ आठवड्यांनीच देतात. बाराव्या आठवड्यात मेनिंगोकोकलचा दुसरा डोस, आणि चौदाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर शस्त्रक्रिया. म्हणजे दिवाळीच्या सुटीत शस्त्रक्रिया हवी असेल, तर तयारी जुलैमध्ये सुरू करावी लागते.

एवढा वेळ नसेल, तर जे बसेल ते आधी द्यावे आणि उरलेले नंतर पूर्ण करावे. अपघातामुळे अचानक प्लीहा काढावी लागली, तर लशी साधारण दोन आठवड्यांनी देतात, कारण त्याआधी शरीराचा प्रतिसाद कमी असतो. पण घर दूर पाड्यावर असेल आणि कुटुंब पुन्हा येईल याची खात्री नसेल, तर घरी सोडण्यापूर्वीच टोचून घेणे शहाणपणाचे. थोडा कमी प्रतिसाद मिळाला तरी चालेल, लस राहून जाणे परवडणारे नाही.

पुढची नोंदही आजच करून ठेवावी. २३ प्रकारांच्या लशीचा दुसरा डोस पाच वर्षांनी लागतो. मेनिंगोकोकलचा बूस्टर, मूल सात वर्षांपेक्षा लहान असताना पहिली मालिका पूर्ण झाली असेल तर तीन वर्षांनी, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी लागतो. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी, आणि ती सुईचीच. नाकात फवारण्याची जिवंत विषाणूंची फ्लू लस या मुलांसाठी नाही. गोवर, कांजिण्या यांसारख्या इतर जिवंत लशी केवळ प्लीहा नाही म्हणून टाळण्याचे कारण नाही. घरातील इतर सदस्यांनीही फ्लूची लस घेतली, तर मुलाभोवतीचा जंतूंचा वावर कमी होतो. यातील बऱ्याच लशी सरकारी केंद्रात मिळत नाहीत आणि महाग आहेत. खर्चाचा अंदाज आधीच विचारून घ्यावा, आणि शस्त्रक्रिया शासकीय योजनेतून होणार असेल, तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला लशींबाबतही विचारून पाहावे.

तिसरी पायरी: रुग्णालयातील दिवस

बहुतेक मुलांची ही शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होते. तीन-चार लहान छिद्रांतून प्लीहा सोडवतात, पोटातच एका पिशवीत घालून तिचे तुकडे करतात आणि बाहेर काढतात. गोल पेशींचा आजार असेल, तर पित्ताशयात खडे आहेत का हे आधी सोनोग्राफीत पाहावे. असतील तर पित्ताशयही त्याच वेळी काढता येते. काही मुलांना मुख्य प्लीहेजवळ वाटाण्याएवढ्या जोडप्लीहा असतात. त्या राहून गेल्या तर रक्ताचा आजार परतू शकतो, म्हणून शल्यचिकित्सक त्या मुद्दाम शोधतात.

शस्त्रक्रियेनंतर एक-दोन आठवड्यांत प्लेटलेटची संख्या एकदम वर जाते. अहवालातील आकडा पाहून पालक घाबरतात, पण ही वाढ अपेक्षित असते आणि हळूहळू खाली येते. संख्या फारच वाढली, तर डॉक्टर काही काळ अॅस्पिरिन देतात. घरी गेल्यावर पोट सतत दुखू लागले, पोट फुगले किंवा ताप आला, तर यकृताकडे रक्त नेणाऱ्या नीलेत गुठळी झाली नाही ना हे पाहण्यासाठी डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लागते. असे दुखणे गॅसचे समजून अंगावर काढू नये.

चौथी पायरी: रोजचे पेनिसिलिन

सिकलसेलच्या लहान मुलांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. दिवसातून दोनदा तोंडाने पेनिसिलिन घेणाऱ्या गटात न्यूमोकोकसच्या गंभीर संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी कमी झाले होते. प्लीहा नसलेल्या मुलांना रोज पेनिसिलिन देण्याच्या पद्धतीला या चाचणीचा मोठा आधार आहे. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत ते द्यावेच, आणि शस्त्रक्रिया मोठ्या वयात झाली असली तरी त्यानंतर किमान एक ते तीन वर्षे द्यावे, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. थॅलेसेमिया असेल, पूर्वी एकदा गंभीर संसर्ग झालेला असेल किंवा चांगले रुग्णालय गावापासून तासन्‌तास दूर असेल, तर ते अधिक काळ, काही वेळा कायमचे, चालू ठेवतात. ‘कधी थांबवायचे’ हे फाइलवर लेखी मागून घ्यावे, कारण नाहीतर मूल बरे दिसते आहे म्हणून घरच्या घरीच ते बंद होते.

लहान गावांत पेनिसिलिनच्या गोळ्या पटकन मिळत नाहीत. औषधविक्रेत्याला सांगून महिन्याभराचा साठा पुढे ठेवावा, आणि मिळतच नसतील तर डॉक्टर अमॉक्सिसिलिन सुचवतात. पेनिसिलिनची अॅलर्जी असल्यास वेगळे औषध द्यावे लागते. पातळ औषध पाणी घालून तयार केल्यावर बाटलीवर लिहिलेल्या दिवसांपलीकडे वापरू नये, बाटली अर्धी उरली तरी टाकून द्यावी. एका आईने दात घासायच्या ब्रशशेजारी स्टीलची छोटी डबी ठेवली होती. रविवारी ती त्यात चौदा गोळ्या मोजून टाकायची. पुढच्या रविवारी डबी रिकामी नसेल, तर त्या आठवड्यात काय चुकले हे लगेच कळायचे. यापेक्षा चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही.

पाचवी पायरी: ताप आल्यावर पहिला तास

घरात चालू स्थितीतील थर्मामीटर असलाच पाहिजे. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी भरणे, वारंवार उलट्या होणे, हातपाय गार पडणे, पायाच्या पोटऱ्या दुखणे, मूल सुस्त किंवा भ्रमिष्ट वाटणे, अंगावर दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके उठणे, यांपैकी काहीही दिसले तर घड्याळ सुरू झाले असे समजावे.

सर्वप्रथम, डॉक्टरांनी आधीच लिहून घरी ठेवायला सांगितलेल्या प्रतिजैविकाचा आपत्कालीन डोस द्यावा. हे बहुधा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट असते, आणि त्याची मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे वाढत जाते, म्हणून दर सहा महिन्यांनी ती तपासून घ्यावी. रोजचे पेनिसिलिन हा तो डोस नव्हे. त्यानंतर लगेच रुग्णालयात निघावे. पॅरासिटामॉल देण्यास हरकत नाही, पण ताप उतरला म्हणून घरी थांबू नये. पॅरासिटामॉलने आकडा खाली येतो, रक्तातील जंतू तसेच राहतात. सगळ्या लशी झालेल्या आहेत आणि गोळी एकदाही चुकलेली नाही, तरी निघायचेच, कारण लशीत नसलेले न्यूमोकोकसचे प्रकारही असतात.

कुठे जायचे हे आधीच ठरलेले असावे. शिरेतून प्रतिजैविक देण्याची आणि रक्त तपासण्याची सोय रात्री दोन वाजताही असेल, असे सर्वात जवळचे ठिकाण निवडावे; तेथील डॉक्टरांना एकदा दिवसाउजेडी भेटून मुलाची ओळख करून द्यावी. तेथे पोहोचल्यावर रांगेत बसू नये. ‘याची प्लीहा काढलेली आहे आणि याला ताप आहे’ हे एकच वाक्य मोठ्याने सांगावे. रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, घेऊन ताबडतोब सेफ्ट्रिअॅक्सोनसारखे इंजेक्शन दिले जाणे अपेक्षित असते. कल्चर घेणे शक्य नसेल, तर त्यासाठी इंजेक्शन लांबवू नये.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्यामागे एक प्रसंग आहे. तापाने फणफणलेल्या एका मुलाला एका दवाखान्यातून ‘व्हायरल आहे, तीन दिवस पाहू’ असे सांगून घरी पाठवले गेले. त्याच्या पोटावरील वण शर्टाखाली होते आणि कोणी विचारले नाही. आजी सोबत होती. तिला शस्त्रक्रिया झाल्याचे माहीत होते, पण तापाशी तिचा संबंध आहे हे तिला कोणीच सांगितले नव्हते. मूल आमच्याकडे आले तेव्हा रात्र झाली होती. ते वाचले, पण बारा दिवस अतिदक्षता विभागात राहून. त्या दिवसापासून मी फाइलसोबत एक कार्ड देतो आणि ते आई-वडिलांप्रमाणेच आजी-आजोबांनाही वाचून दाखवतो.

कार्ड घरीही करता येते. वर मोठ्या अक्षरांत लिहावे: ‘या मुलाची प्लीहा काढलेली आहे. ताप आल्यास हा जीवघेणा जंतुसंसर्ग असू शकतो. तपासण्यांची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे.’ खाली शस्त्रक्रियेची तारीख, मूळ आजार, रक्तगट, झालेल्या लशी व त्यांच्या तारखा, अॅलर्जी, चालू औषधे, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा व पालकांचा फोन. हाच मजकूर मागच्या बाजूस इंग्रजीत असावा. कार्ड लॅमिनेट करून एक दप्तरात, एक घराच्या दाराजवळ, एक वर्गशिक्षकांकडे आणि त्याचा फोटो घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवावा.

डास, कुत्रा आणि प्रवास

हिवतापाच्या परजीवींनी ग्रासलेल्या तांबड्या पेशी काढून टाकण्याचे कामही प्लीहा करते, म्हणून ती नसलेल्या मुलात हिवताप उग्र रूप घेऊ शकतो. गडचिरोलीसारख्या फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या हिवतापाच्या भागात राहणाऱ्या मुलाने बारमाही कीटकनाशकयुक्त मच्छरदाणीतच झोपावे, आणि तेथे पाहुणे म्हणून जाण्यापूर्वी प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे. अशा भागातील प्रत्येक तापात प्रतिजैविकासोबत हिवतापाची तपासणीही त्याच वेळी व्हायला हवी.

कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि रेबीजची लस घेणे हे सर्वांनाच लागू आहे. या मुलांना त्याशिवाय प्रतिजैविकही त्याच दिवशी सुरू करावे लागते, कारण कुत्र्याच्या लाळेतील एक जंतू प्लीहा नसलेल्यांच्या रक्तात झपाट्याने वाढतो. घरचा पाळीव कुत्रा असला आणि ओरखडा किरकोळ दिसला, तरी हा नियम बदलत नाही. कुत्र्याला मुलाची उघडी जखमही चाटू देऊ नये. अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्सकडे, राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी गोचिडीपासून सावध राहावे. तेथील गोचीड बबेसिया नावाचा परजीवी पसरवते आणि तो हिवतापासारखाच तांबड्या पेशींत वाढतो.

शाळा आणि मोठे होणे

जखम भरली आणि शल्यचिकित्सकांनी परवानगी दिली की मुलाने धावावे, पोहावे, कबड्डीही खेळावी. वेगळे पथ्य नाही. प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने मिळणारे काढे आणि चूर्णे लशीची किंवा पेनिसिलिनची जागा घेऊ शकत नाहीत, आणि त्यांच्या भरवशावर गोळी बंद करणे धोक्याचे आहे. शाळेला फक्त एवढेच सांगावे, की अंग गरम लागले तर आजारी मुलांच्या खोलीत झोपवून ठेवू नका, त्याच क्षणी फोन करा.

खरी कसोटी पंधरा-सोळाव्या वर्षी येते. तोपर्यंत सगळे आईच्या लक्षात असते. मग मूल अकरावीसाठी लातूरला किंवा पुण्याला वसतिगृहात जाते, आणि खोलीतल्या मित्रांना काहीच ठाऊक नसते. म्हणून दहाव्या-अकराव्या वर्षापासूनच तपासणीच्या वेळी डॉक्टरांचे प्रश्न मुलाला विचारले जावेत आणि उत्तरे त्यानेच द्यावीत: तुझी कोणती शस्त्रक्रिया झाली, ताप आला तर पहिल्यांदा काय घेशील, कुठे जाशील. वसतिगृहाची बॅग भरताना थर्मामीटर, आपत्कालीन प्रतिजैविकाचे न उघडलेले पाकीट आणि त्यावर ठळक लिहिलेली मुदतीची तारीख, कार्डाच्या दोन प्रती, आणि वसतिगृहापासून सर्वात जवळच्या, रात्रभर उघड्या असणाऱ्या रुग्णालयाचा पत्ता वरच्या कप्प्यात ठेवावा. कार्डाची दुसरी प्रत पहिल्याच दिवशी खोलीतील सोबत्याच्या हाती द्यायची आहे, आणि ती मुलानेच, स्वतःच्या शब्दांत समजावून द्यायची आहे.